नगराध्यक्षाची बदली होत नाही

डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. २१ डिसेंबरला निकाल लागले, गुलाल उधळला, आणि पावणेतीनशेहून जास्त गावांना नवे नगराध्यक्ष मिळाले. पाठोपाठ १५ जानेवारीला २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्याआधी कित्येक वर्षं यातल्या बहुतेक शहरांत निवडून आलेलं कोणी नव्हतंच, सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता. सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली तेव्हा कुठे निवडणुका लागल्या.

समजा, यातल्याच एका पन्नास हजार वस्तीच्या गावात एक बाई नगराध्यक्ष झाल्या. आधी कधी नगरसेवकसुद्धा नव्हत्या. सत्काराचे हार सुकायच्या आत टेबलावर फायली येऊ लागतात: कचरा उचलण्याच्या ठेक्याला मुदतवाढ, पाणीपुरवठ्याच्या पंपांचं थकलेलं वीजबिल, डीपी रस्त्यात, म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्यात, घर जाणाऱ्यांच्या हरकती, रोजंदारी कामगारांचं निवेदन. समोरचा कर्मचारी कागद उघडून म्हणतो, "मॅडम, इथे सही." ती करावी की करू नये, हे त्यांनी विचारायचं कोणाला?

तलाठी व्हायला परीक्षा द्यावी लागते. नगरपरिषदेचं प्रशासन चालवणाऱ्या मुख्याधिकाऱ्याची निवड झाली की त्याला प्रशिक्षण मिळतं. नगराध्यक्ष मात्र निकालानंतर थेट खुर्चीत बसतो. यात लोकशाहीचं काही चुकत नाही. कोणालाही निवडून देण्याचा लोकांचा हक्क असाच असायला हवा. प्रश्न निवडून आल्यानंतरचा आहे. ज्यांच्या हाती आपण पाणी, कचरा, गटार, दिवाबत्ती सोपवतो, ते हे काम शिकतात कसं, कोणाकडून आणि किती दिवसांत?

खुर्चीत ताकद किती असते?

आधी एक घोळ मिटवू. महापौर आणि नगराध्यक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महापालिकेत नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात, त्यांची मुदत अडीच वर्षांची असते. प्रत्यक्ष कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आणि खर्चाच्या मंजुरीची मोठी सूत्रं स्थायी समितीकडे असतात. महापौर सभा चालवतात, शहराचा चेहरा असतात, पण हातात थेट चाव्या कमी.

नगराध्यक्षाचं तसं नाही. महाराष्ट्रात सध्या नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. ही पद्धत २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. नियम असे सारखे बदलत राहिले की अनुभव साठायला जागाच उरत नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार नगराध्यक्ष सभेचं अध्यक्षपद भूषवतो आणि आर्थिक व प्रशासकीय कारभारावर लक्ष ठेवतो. तातडीच्या प्रसंगी एखादं काम करायला किंवा थांबवायला तो सांगू शकतो. पण ठराव अंमलात आणणं, बिलं काढणं, कर्मचाऱ्यांकडून काम करवून घेणं हे मुख्याधिकाऱ्याचं काम. ठराव बेकायदा वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो निलंबित करू शकतात.

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. नगराध्यक्ष हा यजमान, मुख्याधिकारी हा आचारी. किती पाहुणे, काय बेत, किती खर्च हे यजमान ठरवतो आणि जेवण बिघडलं तर नाव त्याचंच जातं. पण चूल आचाऱ्याच्या ताब्यात असते. शंभर पानांना किती तांदूळ लागतो याचा अंदाजच यजमानाला नसेल, तर तो एकतर आचारी म्हणेल ते मान्य करतो, नाहीतर रोज त्याच्याशी भांडतो. आपल्या बऱ्याच नगरपरिषदांची पाच वर्षं या दोन टोकांमध्येच जातात.

शिकायचं तरी काय?

कायदा हा त्यातला सोपा भाग आहे. विषयपत्रिका कशी निघते, इतिवृत्त कायम कधी होतं, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यात फरक काय, ई-निविदा कोणत्या टप्प्यावर लावायची, हे पुस्तकातून आणि व्याख्यानातून कळतं. दोन-तीन दिवसांत पाया पक्का होतो.

पैशाचं गणित त्याहून अवघड आहे. निवडणुकीत "निधी आणला" असं सगळेच सांगतात, पण कोणता निधी कशावर खर्च करता येतो हे फार थोड्यांना माहीत असतं. पंधराव्या वित्त आयोगाचं उदाहरण घ्या. २०२१ ते २०२६ या काळात दहा लाख वस्तीखालच्या शहरांना जे अनुदान ठरलं, त्यातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. बांधलेल्या पैशातून चौक सुशोभित करायला गेलात तर लेखापरीक्षणात आक्षेप येणार. आणखी एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. सरकारी योजनेतून पाण्याची टाकी बांधून मिळते, पण पुढची तीस वर्षं तिचं वीजबिल, पंपाची दुरुस्ती आणि वॉल्व्हमनचा पगार घरपट्टी-पाणीपट्टीतूनच द्यायचा असतो. फीत कापायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही.

सगळ्यात अवघड असतात माणसं. थेट निवडणुकीमुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचं, असं अनेक ठिकाणी होतं. पंधरा नगरसेवक विरोधात असताना पाणीपट्टी वाढवायचा ठराव कसा संमत करून घ्यायचा? ज्या भाजीवाल्यांनी मतं दिली त्यांनाच रस्त्यावरून उठवून मंडईत कसं बसवायचं? हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. ज्याने हे एकदा करून पाहिलंय, आपटलाय आणि पुन्हा उभा राहिलाय, त्यालाच ते माहीत असतं.

वर्गात काय मिळतं?

वर्ग नाहीतच असं नाही. पुण्यात बाणेरला यशदा आहे, म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी. १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था यंदा शंभर वर्षांची होते आहे. केरळमध्ये त्रिशूरजवळ १९९० पासून किला ही संस्था केवळ स्थानिक संस्थांच्या प्रशिक्षणासाठी चालते, आणि त्या राज्याने निवडून आलेल्यांचं शिक्षण हे कारभाराचं नेहमीचं अंग मानलं आहे. ते आपण शिकण्यासारखं आहे.

तरी वर्गाला एक मर्यादा असतेच. दीडशे माणसं सभागृहात, समोर पडद्यावर कलमं, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. एक लाखाच्या वरची 'अ' वर्ग नगरपरिषद आणि पंचवीस हजारांच्या आतली नगरपंचायत एकाच बाकावर बसते. शिकवणारे बहुधा अधिकारी असतात, त्यामुळे शिकवणं "नियम काय सांगतो" या बाजूला झुकतं. आणि इतक्या लोकांसमोर, पत्रकारही असतील अशा ठिकाणी, कोणता नगराध्यक्ष हात वर करून म्हणेल की मला अर्थसंकल्प वाचता येत नाही?

द्राक्षबागेतली रीत

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा: पीअर लर्निंग. ज्यांचं काम एकच आहे आणि ज्यांच्यात साहेब-शिपाई असं नातं नाही, अशांनी एकमेकांकडून शिकणं. शब्द परका असला तरी रीत आपल्या शिवारातलीच आहे.

सांगली-नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला विचारा. छाटणी कधी घ्यायची, डाऊनी या बुरशीच्या रोगाचा अंदाज कसा बांधायचा, हे तो विद्यापीठाकडूनही शिकतो. पण त्याचा खरा विश्वास बसतो तो दुसऱ्याच्या बागेत उभं राहून, घड हातात घेऊन, "तू नेमकं काय केलंस, कधी केलंस आणि कुठे फसलास" हे विचारल्यावर. कृषी खात्याच्या शेतीशाळा आणि गावोगावच्या शिवारफेऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत. त्या फेरीत उत्तम बागेइतकीच रोग पडलेली बागही दाखवली जाते. जो शेतकरी नुकसान झालेला प्लॉट लपवतो, त्याच्याकडे पुढच्या वेळी कोणी जात नाही.

नगराध्यक्षांचं परस्पर-शिक्षण म्हणजे ही शिवारफेरीच. फरक इतकाच की बागेऐवजी कचरा डेपो, जलशुद्धीकरण केंद्र आणि वसुलीची वही बघायची.

बदलीबरोबर फिरणारं शहाणपण

महाराष्ट्रात नगरपरिषदांचा अनुभव एका गावातून दुसऱ्या गावात जातो, पण तो एकाच वाटेने, अधिकाऱ्यांच्या बदल्यांतून. वेंगुर्ल्याचं उदाहरण बहुतेकांनी ऐकलेलं असेल. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरातच कचरा वेगळा करण्याची शिस्त लागली आणि दुर्गंधीचा डेपो लोक तिकीट काढून पाहायला येतील इतका पालटला. त्यांची कर्जतला बदली झाली तेव्हा ती पद्धतही त्यांच्याबरोबर कर्जतला आली. एका माणसाच्या बॅगेतून एका शहराचं शहाणपण दुसऱ्या शहरात पोचलं.

मुख्याधिकाऱ्याची साधारण दर तीन वर्षांनी बदली होते. वीस वर्षांच्या नोकरीत तो सहा-सात गावं बघतो. कोकणातला पाऊस, मराठवाड्यातला टँकर, विदर्भातलं ऊन, सगळं त्याने अंगावर घेतलेलं असतं. नगराध्यक्षाची बदली होत नाही. तो एकाच गावात जन्मतो, तिथेच निवडून येतो आणि पाच वर्षांनी तिथेच घरी जातो. त्यामुळे मुख्याधिकारी "दुसरीकडे असंच करतात" असं म्हणाला, तर नगराध्यक्षाला ते पडताळून पाहायला काही मार्ग नसतो. यजमानाने आयुष्यात एकच लग्न पाहिलेलं, आचाऱ्याने हजार.

या असमतोलाचा दुसरा तोटा जास्त वाईट आहे. अधिकाऱ्याची बदली झाली की चांगली पद्धत अनेकदा त्याच्याबरोबर निघून जाते, कारण गावातल्या निवडून आलेल्यांनी ती शिकलेलीच नसते. त्यांनी ती फक्त चालू दिलेली असते. मी परस्पर-शिक्षणाचा इतका आग्रह धरतो तो यासाठी. अधिकाऱ्याला जे बदलीतून मिळतं, ते नगराध्यक्षाला मिळवायचं तर दुसऱ्या नगराध्यक्षांच्या गावी जाऊन बसण्यावाचून रस्ता नाही.

मलकापूरला जाऊन काय विचारायचं?

आता हे करायचं कसं, ते एका गावावरून पाहू. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून ते राज्यभर गाजलं. नगरपंचायत असताना तिथे प्रत्येक नळाला मीटर बसलं, वापर वाढत जाईल तसा दर चढत जाईल अशी पाणीपट्टी लागली, आणि नळाला दिवसभर पाणी राहू लागलं. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने योजना उभी केली. ती बघायला ठिकठिकाणची मंडळी येऊन गेली.

बघायला गेलेला नवखा माणूस काय बघतो? टाकी, पंप, चकचकीत मीटर. फोटो काढतो आणि गावी येऊन म्हणतो, "आपणही मीटर बसवू." इथेच घात होतो. हिवरे बाजारला जाऊन हिरवी झाडं पाहणाऱ्यांना तिथली बोअरवेलबंदी दिसत नाही, उसासारखी तहानलेली पिकं न घेण्याचा निर्णय दिसत नाही. तसंच हे. जे डोळ्यांना दिसतं ते शेवटचं पान असतं, आधीची पानं विचारूनच कळतात.

बरोबरीच्या नात्यातला नगराध्यक्ष तिथे वेगळे प्रश्न विचारू शकतो. मीटरला पहिला विरोध कोणी केला, आणि त्याच्याशी बोलायला कोण गेलं? पहिलं बिल हातात पडल्यावर लोक नगरपंचायतीवर चालून आले का? आधी एकाच वॉर्डात करून पाहिलं की सगळीकडे एकदम? सार्वजनिक नळांचं काय केलं, आणि त्यावर जगणाऱ्या गरिबांना जोडणी कशी दिली? मीटर बिघडलं तर किती दिवसांत बदलतात, त्याचा पैसा कोणत्या शीर्षाखाली धरलाय? दरवाढीच्या ठरावाच्या आदल्या रात्री विरोधी गटनेत्याशी काय बोलणं झालं?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अधिकारी देऊ शकत नाही, कारण तो त्या बैठकीत नव्हता. ते चहा घेत, दार लावून, एका लोकप्रतिनिधीने दुसऱ्याला सांगायचं असतं.

चार्ल्स्टनच्या महापौराची युक्ती

अमेरिकेत हा विचार चाळीस वर्षांपूर्वी एका महापौरालाच सुचला. चार्ल्स्टन शहराचे जोसेफ रायली हे सलग दहा वेळा निवडून आले, म्हणजे एकूण चाळीस वर्षं महापौर राहिले. आपल्या अनुभवावरून त्यांना वाटलं की शहराचा खरा शिल्पकार महापौर असतो, कारण कुठे काय बांधायचं याचे निर्णय शेवटी त्याच्या टेबलावर येतात, पण त्याचं शिक्षण त्याला कोणी दिलेलं नसतं. त्यातून १९८६ मध्ये महापौरांसाठी शहररचनेची एक कार्यशाळा सुरू झाली. ती अजून चालते, आणि हजाराहून जास्त महापौर तिच्यातून गेले आहेत.

तिची मांडणी साधी आहे आणि मला ती फार आवडते. एका वेळी जेमतेम आठ महापौर, आणि जवळपास तितकेच वास्तुरचनाकार व नियोजनकार. दोन-अडीच दिवस. प्रत्येक महापौराने आपल्या शहरातला एक खरा, अडलेला प्रश्न घेऊन यायचं: बंद पडलेली गिरणी, नदीकाठ, ओस पडलेली बाजारपेठ. यशोगाथा सांगायची नाही. प्रश्न टेबलावर ठेवायचा आणि बाकीच्यांनी तो उलटसुलट करून पाहायचा. परत जाताना हाती प्रमाणपत्राऐवजी आपल्याच प्रश्नावरचे चार मार्ग असतात.

हार्वर्ड विद्यापीठ आणि ब्लूमबर्ग फिलॅन्थ्रॉपीज यांच्या उपक्रमात २०१७ पासून जगभरातले चाळीसेक महापौर दरवर्षी एकत्र येतात. तिथली एक गोष्ट आपल्यासाठी मोलाची आहे: महापौराबरोबर त्याचे वरिष्ठ अधिकारीही कार्यक्रमात असतात. म्हणजे यजमान आणि आचारी दोघं एकत्र शिकतात. इंग्लंडमध्ये दुसऱ्या शहरांचे नगरसेवक आणि अधिकारी मिळून एखाद्या नगरपालिकेत काही दिवस मुक्काम करतात, सगळ्यांशी बोलतात आणि काय ठीक आहे, काय नाही हे लिहून देतात. तो अहवाल लोकांसमोर ठेवला जातो.

आपल्याकडेही पाऊल पडलं आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वच्छ शहर जोडी नावाची योजना सुरू केली. स्वच्छतेत पुढे असलेल्या ७२ शहरांना मार्गदर्शक म्हणून नेमून सुमारे २०० मागे पडलेली शहरं त्यांच्याशी जोडली. दिशा योग्य आहे. या जोड्या फक्त अधिकाऱ्यांच्या राहू नयेत, एवढीच माझी अपेक्षा.

अर्धं शिकलं तर?

एकमेकांकडून शिकताना अर्ध्यावर थांबलं तर काय होतं, हे पुण्याने पाहिलं आहे. बसला स्वतंत्र मार्ग देण्याची, म्हणजे बीआरटीची, कल्पना ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७४ मध्ये उभी राहिली. तिथे तेव्हा महापौर होते जेमी लर्नर, स्वतः वास्तुरचनाकार. कोलंबियातल्या बोगोटाने ती घेतली, महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या काळात वाढवली, आणि २००० च्या अखेरीस तिथली बस धावू लागली. पुढे जगभरच्या शहरांनी बोगोटाकडे पाहिलं.

पुण्याने २००६ च्या अखेरीस कात्रज ते स्वारगेट ते हडपसर असा देशातला पहिला प्रायोगिक बीआरटी मार्ग सुरू केला. अहमदाबादने २००९ मध्ये सुरुवात केली. मूळ धडा एकच होता. पण फलाटाच्या उंचीला जुळणारं बसचं दार, चढण्याआधी तिकीट, बंदिस्त स्थानक, सगळं सांभाळणारी स्वतंत्र कंपनी, हे अहमदाबादने पहिल्यापासून एकत्र आणलं. पुण्याच्या पहिल्या मार्गावर मुख्यतः वेगळी लेन आली, बाकीचं अपुरं राहिलं. लोकांना रस्ता अरुंद झालेला दिसला आणि बसचा वेग फारसा दिसला नाही. त्या पहिल्या अनुभवाची कटुता पुढच्या प्रत्येक मार्गाला भोवली. शहरांनी एकमेकांकडे जावं तेव्हा "काय केलंत" याबरोबर "यातलं काय गाळलं तर सगळं कोसळेल" हेही विचारावं, ते यासाठी.

"या अभ्यासाच्या नावाखाली सहलीच ना?"

हा राग खरा आहे. अभ्यासदौऱ्याच्या नावाखाली थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलेले लोकप्रतिनिधी आपण पाहिले आहेत. म्हणूनच दौऱ्याला तीन साध्या अटी घालता येतात. जाण्याआधी आपला एक अडलेला प्रश्न लेखी द्यायचा. परत आल्यावर सर्वसाधारण सभेत काय पाहिलं, त्यातलं आपल्याकडे काय करणार आणि काय करणार नाही हे इतिवृत्तात नोंदवायचं. आणि सहा महिन्यांनी यजमान गावच्या नगराध्यक्षाने उलट भेटीला यायचं. ज्याला सहलच हवी आहे त्याला तिसरी अट नकोशी वाटेल.

शिवाय जवळ जायला खर्च फार येत नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिलं कराड, दुसरं सासवड आणि तिसरं लोणावळा होतं. तिन्ही सातारा-पुणे पट्ट्यातली. आसपासच्या जिल्ह्यांतून एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, इतक्या अंतरावर.

"पाच वर्षांसाठीच तर असतात, कशाला एवढं?"

पाच वर्षंच असतात म्हणून तर घाई हवी. पहिलं वर्ष समजण्यात आणि शेवटचं वर्ष निवडणुकीत गेलं, तर मधली तीन उरतात. डिसेंबरमध्ये निवडून आलेल्याला दोन-तीन महिन्यांत अर्थसंकल्पाला सामोरं जावं लागतं. पहिल्या साठ दिवसांत शिकवलं नाही तर पहिला अर्थसंकल्प लेखापालाचा होतो, नगराध्यक्षाचा होत नाही.

आणि शिकलेला माणूस पद गेल्यावर कुठे जातो? गावातच राहतो. पुढे नगरसेवक होतो, विरोधी बाकावर बसतो, जिल्हा बँकेत किंवा विधानसभेत जातो. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, तेव्हाच त्यात म्हटलं होतं की या संस्थांचं मुख्य महत्त्व कारभार सुधारण्यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण देण्यात आहे. सरदार पटेलांनी अहमदाबादची नगरपालिका चालवली, राजाजींनी सेलमची. पुढचं मोठं काम त्यांनी ज्या जमिनीवर उभं केलं, ती गटारं आणि पाणीपट्टीचीच होती.

"बाई नावाला, कारभार नवऱ्याचा"

२०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. काही ठिकाणी नवरा किंवा दीर कारभार बघतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावर टिंगल करण्याने काही बदलत नाही. बदलतं ते दुसरी एखादी नगराध्यक्ष समोर बसून "मी फाइल घरी न्यायची नाही हे कसं ठरवलं" असं सांगते तेव्हा. बचतगटांच्या बायकांनी बँकेत एकटीने जायचं धाडस एकमेकींकडून घेतलं, व्याख्यानातून नाही. म्हणून अशा बैठकींत एक नियम पक्का हवा: ज्यांच्या नावावर निवडून आल्याचं प्रमाणपत्र आहे, खुर्चीत त्याच बसतील. सोबत आलेल्यांसाठी बाहेर चहा ठेवावा.

"दुसऱ्या पक्षाचा माणूस का शिकवेल?"

स्वतःच्या गावातल्या प्रतिस्पर्ध्याला तो शिकवणार नाही, हे खरं. पण शंभर किलोमीटरवरच्या गावात त्याला निवडणूक लढायची नसते. तिथल्या नगराध्यक्षाचं भलं झाल्याने त्याचं एक मतही जात नाही. राजकारणी माणसं सीमेपलीकडे एकमेकांना मोकळेपणाने सांगतात ते त्यामुळे. मात्र खोली बंद हवी. कॅमेरा आला की कबुली थांबते आणि भाषण सुरू होतं.

गट कसे पाडायचे?

आपल्याकडे बैठका जिल्हा आणि विभाग पाहून ठरतात. प्रश्न मात्र जिल्हे बघून येत नाहीत. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान आणि लोणावळा यांचं दुखणं सारखं आहे: राहणारे थोडे, येणारे अफाट, आणि कचरा येणाऱ्यांचा. या चौघांनी एकमेकांशी बोलावं.

माझ्या मते सुरुवात करायला सगळ्यात योग्य गट आधीच तयार आहे, आणि तो शेकडो वर्षं एका वाटेवर बसलेला आहे. ज्ञानोबांच्या पालखीची वाट घ्या. आळंदी, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, पंढरपूर. सगळ्या नगरपरिषदा किंवा नगरपंचायती. प्रत्येक गावात एक-दोन मुक्काम, आणि त्या मुक्कामात गावाच्या वस्तीच्या कित्येक पट माणसं. पाण्याचे टँकर कुठे उभे करायचे, फिरती शौचालयं कोणत्या बाजूला, ती रिकामी कधी करायची, पहाटे पालखी निघाल्यावर गाव किती तासांत झाडायचं. आज सासवडला जे चुकलं ते उद्या जेजुरीला टाळता येतं, कोणी सांगितलं तर. जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठका होतात, अधिकारी बोलतात. पण आषाढीच्या दोन महिने आधी या आठ गावांचे नगराध्यक्ष, आपापल्या मुख्याधिकाऱ्यांना घेऊन, सासवडला एका टेबलाभोवती बसले आणि प्रत्येकाने मागच्या वारीत आपल्याकडे काय फसलं ते आधी सांगितलं, तर पहिल्या वर्षीच पंढरपूरआधीच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत, वाखरीपर्यंत, वारकऱ्याला फरक कळेल.